तंदुरुस्तीचा दाखला

छत्रपती संभाजीनगर
१७ सप्टेंबर २०२५

भूषण,

जय भीम. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या दाजींकडून लिहून घेतला. आकाशचं अक्षर असं आहे की पोस्टमननं हे पोहोचवलं तर त्याचा सत्कार करायला हवा. फोन तीनदा केला. एकदा तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. ठीक आहे. कागद कट करता येत नाही, म्हणून कागद.

तनुजाला खेळताना डोक्याला मार लागलाय. माझी तनुजा. आई गेली तेव्हा तू मातीला आला होतास, चहासुद्धा न घेता निघून गेलास, त्या दिवशी दारात फ्रॉक घालून उभी होती ती. आता तेरा वर्षांची आहे, आमच्याच शाळेत आठवीत. कबड्डी खेळते. डावा कोपरा सांभाळते. चढाईला आलेल्या पोरीच्या घोट्यावर डोकं पुढं करून झेप घेते. तूही तिथंच उभा राहायचास, तुला काय समजावून सांगायचं.

शुक्रवारी जिल्ह्याच्या सामन्यात समोरच्या पोरीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. पडली. मिनिटभर डोळे उघडे, पण ओळख नाही. मग उठून बसली आणि मला म्हणाली, "मम्मी, आपण जिंकलो का?" म्हटलं, जिंकलो. तर परत, "मम्मी, आपण जिंकलो का?" दवाखान्यात पोहोचेपर्यंत अकरा वेळा. मी प्रत्येक वेळी सांगितलं, जिंकलो बाई, जिंकलो.

स्कॅन साफ आला. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, सावकाश बोलतात. म्हणाल्या, "स्कॅनमध्ये रक्तस्राव असला तर दिसतो, बसलेला धक्का दिसत नाही. मेंदू आतल्या आत हललाय. तो बरा होईल, पण त्याला घाई चालत नाही." दोन दिवस आराम, मग थोडं चालणं, अर्धा दिवस शाळा, आणि खेळ पूर्ण बंद, त्या सांगतील तोवर. एक वही करायला लावलीय. डोकेदुखी, चक्कर, उजेडाचा त्रास, आवाजाचा त्रास, प्रत्येकापुढं शून्य ते दहापैकी आकडा, तिनं स्वतः लिहायचा.

ती रोज सगळीकडं शून्य लिहिते.

मी मात्र तिला भिंतीचा आधार घेऊन मोरीकडं जाताना बघते. गॅलरीचं दार उघडलं की डोळे मिटते. विचारलं तर म्हणते, "मला काय नाय झालंय, मम्मी." तेरा ऑक्टोबरला विभागीय स्पर्धा आहे, तिथून राज्याचा संघ. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलंय, हे भरून यायच्या आत पुन्हा मार बसला तर जिवावर बेतू शकतं.

तुला त्या वयात असंच काहीतरी व्हायचं ना? तिला दोन ओळी लिही. माझं ती ऐकत नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पाकिटावर तिचंच नाव घाल.

आज मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन उरकून ऑफिसातच बसून लिहितेय. शाळेत सगळे पेढे खाऊन घरी गेले.

ताई


२८ सप्टेंबर २०२५

भूषण,

उत्तर आलं नाही. आलं असतं तर मीच चक्रावले असते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. तनुजाला लागलेला हा पहिला मार नाही. तिसरा आहे.

पहिला जुलैत. सरावात दोघी एकदम एकीच्याच अंगावर गेल्या आणि एकमेकींची डोकी आपटली. अप्पाराव सरांनी, म्हणजे आमच्या खेळाच्या सरांनी, कांदा फोडून नाकाला लावला, डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि पाच मिनिटांत परत उभी केली. घरी येऊन हसत सांगत होती, "मम्मी, आज मला एकेका जागी दोन-दोन पोरी दिसत होत्या." मी पोळ्या लाटत होते. मीही हसले. म्हटलं, "मग दोघींना धरायचं!"

हे माझं वाक्य आहे, भूषण. मी विसरायचा प्रयत्न करून पाहिला.

दुसरा वीस ऑगस्टला, शहराच्या स्पर्धेत. मॅटच्या बाहेर पाठीवर पडली, डोकं फरशीवर. घरी आल्यावर दोनदा उलटी झाली. मी म्हटलं पित्त आहे, सकाळपासून पोटात अन्न नाही तुझ्या. लिंबू-साखर दिली आणि दुसऱ्या दिवशी डबा भरून शाळेत पाठवली. अप्पाराव सर ऑफिसात आले होते, त्यांच्या कानावर घातलं. तर म्हणाले, "अहो मॅडम, कबड्डी हाये ही. टेंगूळ आलं नाय तर पोरगी खेळली कशी म्हणायची? लई मोठं करू नका." माणूस वाईट नाही. पोरींना स्वतःच्या मुलींसारखं जपतो, घरून चणे-गूळ आणतो. त्याला जे शिकवलं तेच तो शिकवतो. आणि मला तरी कुठं मोठं करायचं होतं?

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी डोक्याला लागलंय?" मी म्हटलं, "नाही." तनुजा शेजारी खुर्चीत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. इतकी भ्रमिष्ट झाली होती, जिंकलो का म्हणून विचारत होती, पण ते तिनं बरोबर ऐकलं. आता ती शून्य लिहिते तेव्हा मी कोणत्या तोंडानं तिला खोटारडी म्हणू? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

गुरुवारी एकटी जाऊन डॉक्टरांना खरं सांगून आले. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाल्या की मुलांच्या डोक्याला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि पहिला मार भरून यायच्या आत दुसरा, तिसरा बसला की तो वेळ किती लांबेल ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असं झालं होतं का?" मी लगेच म्हटलं, "नाही." रिक्षात बसल्यावर तू आठवलास.

तुला दुपारी घोंगडं डोक्यावर घेऊन पडायची सवय होती. उन्हाळ्यात. आम्ही सगळे त्याला सोंग म्हणायचो.

दमलेय रे. ऑफिस, दवाखाना, स्वयंपाक, आणि घरात कोणी मोठ्यानं ताटसुद्धा ठेवायचं नाही. आकाशची वाळूजला रात्रपाळी असते, तो दिवसा झोपतो, त्यामुळं घर तसंही गप्पच. दोन ओळी लिही तिला.

ताई


५ ऑक्टोबर २०२५

भूषण,

विजयादशमीला दरवर्षीसारखं लेणीवर गेलो. तनुजा म्हणाली, मीपण येणार, मला काही होत नाही. पांढरा ड्रेस घातला, पायऱ्यासुद्धा चढली. वर भीमगीतांचा आवाज सुरू झाला आणि ती खाली बसली. दोन्ही कानांवर हात, तोंड गुडघ्यात. लोक पाणी घेऊन धावले. एक म्हातारी बाई म्हणाली, "उपाशी हाये का गं लेकरू?" मी म्हटलं, हो, उपाशी आहे. तिसऱ्यांदा खोटं बोलले. घरी येऊन तिनं वही काढली आणि आवाजाचा त्रास यापुढं शून्य लिहिलं, माझ्यासमोर. वर म्हणाली, "गर्दीनं झालं."

आता जे लिहितेय ते आकाशलाही माहीत नाही.

आमच्या ऑफिसात खेळाडूंचे तंदुरुस्तीचे दाखले कसे तयार होतात ते सांगते. स्पर्धेच्या आधी मी कोऱ्या छापील दाखल्यांचा गठ्ठा शाळेजवळच्या डॉक्टरांकडं पाठवते. ते एका दमात सगळ्यांवर सही-शिक्का मारून देतात. मग मी हजेरीपट समोर घेऊन नावं भरते. वजन आणि उंची अंदाजानं. सगळीकडं असंच चालतं. बारा वर्षं मी लिपिक आहे, बारा वर्षांत एका पोरीला एका डॉक्टरानं हात लावून तपासलेलं मी पाहिलं नाही. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं.

सव्वीस ऑगस्टला मी बारा दाखले भरले. सातवा तनुजाचा. उलट्या होऊन सहा दिवस झाले होते. सकाळीच ती म्हणाली होती की फळ्यावरचं वाचताना डोळे दुखतात. मी दाखला समोर घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: "सदर खेळाडू शारीरिकदृष्ट्या पूर्णपणे तंदुरुस्त आहे." पेन अडखळलं नाही. तेच सांगतेय. थोडं तरी अडखळायला हवं होतं.

का लिहिलं? राज्यापर्यंत गेली तर दहावीला सवलतीचे गुण, पुढं नोकरीत खेळाडूंच्या जागा. आपल्याकडं कोणाला मिळालंय असं? मी शाळेत नेहमी दुसऱ्यांच्या पोरांची प्रमाणपत्रं भरते. एकदा आपल्या पोरीचं भरावं असं वाटलं. आणि खरं सांगू, ती पकड करते तेव्हा सगळं मैदान ओरडतं आणि लोक मला विचारतात, तुमची का? त्या दोन शब्दांची मला चटक लागली होती.

त्या दाखल्यावर ती जिल्ह्याला खेळली. तिसरा मार तिथं बसला.

तुला हे का लिहितेय कोण जाणे. तू माझ्यावर आधीच इतका रागावलेला आहेस की आणखी थोडं कळल्यानं फरक पडणार नाही, म्हणून असेल.

ताई


१९ ऑक्टोबर २०२५

भूषण,

उद्यापासून दिवाळीची सुट्टी पूर्णपणे लागते. रविवार असूनही आलेय, ऑफिसात मी आणि पंखा. लिहून टाकते.

तेरा तारखेला सकाळी संघाची गाडी शाळेच्या फाटकात उभी होती. मी खिडकीतून सहज पाहिलं तर तिसऱ्या सीटवर तनुजा. अंगात संघाची जर्सी. घरून गणवेशात निघाली होती, जर्सी दप्तरात लपवून. अप्पाराव सरांना सांगितलं होतं की डॉक्टरांनी परवानगी दिली, मम्मी बोलली. आणि सरांना अडचण काय असणार? दाखला फाइलला होताच, साऱ्या मोसमाला चालणारा.

मी चपला न घालता धावले. म्हटलं, "तनू, खाली उतर." ती म्हणाली, "मी बरी हाये. वही बघ, सगळीकडं शून्य हाये." बाकीच्या अकरा जणी आमच्याकडं बघत होत्या. सर म्हणाले, "मॅडम, पोरीला खेळायचंय, तिला काय होत नाय, तिच्या दाखल्यावर सही हाये डॉक्टरची."

मी म्हटलं, "सर, तो दाखला खोटा आहे. मी भरलाय. डॉक्टरांनी तिला तपासलेलंच नाही. हिच्याबरोबर बाकीच्या अकरा जणींनाही तपासलेलं नाही."

मुख्याध्यापक मागंच उभे होते. तनुजा उतरली. माझ्याजवळून गेली तेव्हा तिला चालताना डावीकडं झोक जात होता, ते सरांनीही पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "आधी का नाय बोललात ओ तुम्ही?"

संघ गेला, तिच्याशिवाय. दुसऱ्या फेरीत हरला. मला मेमो मिळालाय, खुलासा लिहून द्यायचाय. दुसऱ्यांचे शेकडो खुलासे टाइप केले मी, माझा एक परिच्छेद सुचत नाही. आकाशला घरी येऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आधी पोरगी बघू. नोकरीचं नंतर." एवढा चांगला माणूस आहे की त्याचाही कधी कधी राग येतो.

तनुजा माझ्याशी बोलत नाही. सहा दिवस झाले. ताट सरकवते, आंघोळीचं पाणी काढून घेते. वहीत शून्य चालूच आहे. डिसेंबरात कबड्डी संघटनेची निवड चाचणी आहे, तिला आता ती दिसतेय. डॉक्टर म्हणाल्या, "ही खरं सांगत नाही तोवर मी आंधळ्यासारखी उपचार करतेय. शाळा किती वेळ, चालणं किती, काही ठरवता येत नाही." एकदा चुकून तिला मोकळं सोडलं आणि ती खेळली तर काय, हे त्या बोलल्या नाहीत. आता मला बोलून दाखवायची गरज नाही.

परवा तुझे दाजी म्हणाले, भूषण रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली काम करतो, कोल्हापुरात कोणीतरी पाहिलं. मला वाटायचं शिकला नाहीस म्हणून रोपं लावतोस. आता वाटतं, तू सावली निवडलीस की काय.

हे शेवटचं मागणं. तिला लिही.

ताई


९ नोव्हेंबर २०२५

भूषण,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाकिटावर तिचंच नाव होतं. मी फोडलं नाही, एवढी अक्कल अजून आहे. तिच्या हातात दिलं. तिनं उघडलं, चार-पाच ओळी वाचल्या आणि कागद माझ्याकडं धरला. सात आठवडे झाले, ती पुस्तकातलं पान उलटायचं सोंग करते, वाचू शकत नाही, आणि आता ते लपणार नाही, हे त्या क्षणी आम्हा दोघींना एकदम कळलं. तीन आठवड्यांनी तिनं माझ्याशी तोंड उघडलं. म्हणाली, "तू वाच."

म्हणून तुझं पत्र मला माझ्या तोंडानं वाचावं लागलं. तुला हे ठाऊक असतं तर तू वेगळं लिहिलं असतंस का, माहीत नाही. वेगळं लिहिलं नाहीस तेच बरं.

वर्गातल्या ट्यूबलाइटचा आवाज यायचा, फोडणीचा वास डोक्यात चढायचा, माणसं बोलताना त्यांचे ओठ आधी हलायचे आणि शब्द नंतर पोहोचायचे, हे तू लिहिलंयस. ती मान हलवत नव्हती, पण पाय हलवायची थांबली. मग तू लिहिलंस, "दोन वर्षं मी सगळ्यांना काही नाही, काही नाही म्हणत राहिलो, कारण संघातून काढतील. नंतर सहन होईना म्हणून खरं सांगायला गेलो, तर कोणाला पटेना. तनुजा, तुझ्यावर अजून विश्वास ठेवतात. तो संपायच्या आत सांगून टाक."

त्याच्या पुढची ओळ मी गाळली. सरळ शेवटावर गेले, मामाचे आशीर्वाद वगैरे.

ती म्हणाली, "मम्मी, एक ओळ सोडलीस."

"कुठं काय?"

"तू वाचताना बोट ठेवतीस. बोट खाली सरकलं, आवाज नाय आला."

मग वाचली. "दहावीच्या निकालादिवशी मी ताईला सांगितलं की पेपरात अक्षरं हलत होती. ताई म्हणाली, अक्षरं हलत नाहीत, तुझी नियत हलते, आणि साऱ्या गल्लीसमोर मला कानाखाली मारली. जिथं दुखायचं त्याच बाजूला."

एका दमात वाचलं. आवाज कापला नाही. लिपिक आहे मी, काहीही वाचून दाखवू शकते.

तनुजा म्हणाली, "तू मारलंस मामाला?"

"हो."

"का?"

"सोंग करतो असं वाटलं."

"मग ते सोंग नव्हतं?"

"नव्हतं."

ती कॉटच्या कडेला सरकली. मला वाटलं उठून जाईल. तुझ्यासारखी. मग म्हणाली, "मम्मी, माझं रोज दुखतं. सकाळी उठल्यापासून. लेणीवर मला वाटलं मी मरते." आणि रडली. रडल्यानंही डोकं दुखतं म्हणून मधेच थांबायची, श्वास घ्यायची, परत रडायची. मी तिला धरून बसले होते. तेरा वर्षांची पोर, हाडं नुसती. बाहेर कोणाचे तरी उरलेले फटाके वाजत होते आणि प्रत्येक आवाजाला ती माझ्या दंडात नखं रुतवत होती. इतके दिवस हे ती एकटीनं, तोंडातून आवाज न काढता काढत होती.

डॉक्टरांना आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, उलट खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. आता सगळं पहिल्यापासून. शाळेत दोनच तास, तेही मागच्या बाकावर, खिडकीपासून लांब. रोज वीस मिनिटं चालायचं, त्रास वाढला की थांबायचं. बहुतेक मुलं सावरतात, हीही सावरेल, पण महिने लागतील. कबड्डीचं विचारलं तर म्हणाल्या, "त्याबद्दल आत्ता बोलायचं नाही." तनुजानं तेही ऐकून घेतलं. माझ्यावरचा तिचा राग गेलेला नाही. जाऊ नये इतक्यात.

खुलासा मी लिहून दिला. जे केलं ते लिहिलं, जास्त काही नाही. आता डॉक्टरांकडं कोरे दाखले जात नाहीत, पोरी जातात. अप्पाराव सर स्वतः रिक्षा करून नेतात आणि बाहेर बाकावर बसून राहतात.

आणि हे तुला लेखी देते, भूषण, पत्राच्या कडेला नाही, मधोमध: तू सोंग करत नव्हतास. दुखत होतं तुला आणि तू सांगत होतास, आणि मी तुझी मोठी बहीण असून तुला मारलं. माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

आज सकाळी चालायला नेलं होतं. पंधरा मिनिटांत दमली, पारावर बसलो. तिनं विचारलं, "मामाचं डोकं दुखायचं कधी थांबलं?" घरी येऊन मी तुझं पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मी तरी कुठं विचारलं होतं? चार पत्रं पाठवली, तीनदा तिच्यासाठी मागितलं, एकदा माझंच सांगितलं.

थांबलं का रे?

ताई